मॅकार्टनीचा जलसा

सन १९६६ च्या ऑगस्ट महिन्याच्या २९ तारखेस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को शहरीं कँडलस्टिक पार्क नांवाच्या मैदानावर चार इंग्रज तरुण रात्रीच्या वेळीं गाण्यास उभे राहिले. मैदान बेसबॉलच्या खेळासाठीं बांधलेलें. मध्यें एक उंच चौथरा, चौथऱ्याभोंवतीं तारेचें कुंपण, आणि कुंपणापासून बऱ्याच अंतरावर बसलेले सुमारें पंचवीस हजार श्रोते. चौघांपैकीं पॉल मॅकार्टनी यानें जलशापूर्वीं आपल्या प्रसिद्धि-चिटणिसास एक लहानसें ध्वनिमुद्रणयंत्र देऊन आजचें गाणें फितीवर टिपून ठेवण्यास सांगितलें होतें. चिटणिसानें मैदानांत उभें राहून तें यंत्र चौथऱ्याच्या दिशेनें धरून ठेवलें. फितीच्या एका बाजूस तीस मिनिटें मावत. जलसा तेहतीस मिनिटें चालला. शेवटचें गाणें मॅकार्टनीच्याच वांट्यास आलेलें होतें. अमेरिकेंतील कृष्णवर्णीय गायक लिटल रिचर्ड यानें १९५६ सालीं गाजविलेलें तें 'लाँग टॉल सॅली' नांवाचें गाणें मॅकार्टनी शाळेंत असल्यापासून गात आला होता. तें पुरें होण्यापूर्वींच फीत संपली, आणि बीटल्स या जगद्विख्यात मंडळीच्या दौऱ्यांवरील अखेरच्या जलशाचा शेवट फितीवर उमटावयाचा राहून गेला.

मॅकार्टनी त्या वेळीं चोवीस वर्षांचा होता. कीर्ति शिगेस पोंचलेली असतांना, आणि द्रव्याचा ओघ चालू असतांना, या चौघांनीं रंगमंचाकडे पाठ फिरविली. तोच मॅकार्टनी ऐंशीव्या वर्षीं अडीच तासांहून अधिक वेळ, एकामागून एक तीस-पस्तीस गाणीं गात, त्याच रंगमंचावर उभा राहिलेला जगानें पाहिला. या दोन दृश्यांच्या मधील अंतर केवळ गायकाच्या चरित्रावरून उलगडत नाहीं. त्यासाठीं त्याच्या श्रोत्यांचाहि इतिहास पाहावा लागतो.

मॅकार्टनीचा जन्म १८ जून १९४२ रोजीं लिव्हरपूल बंदरांत झाला. ज्या बाजाराच्या भावाकडे मुंबईच्या कापूस-व्यापाऱ्यांचे डोळे एके काळीं लागलेले असत, त्याच बाजारांतील एका पेढीवर वडील विक्रीचें काम करीत. १९२० नंतरच्या दशकांत त्यांनीं स्वतःचा एक लहानसा जाझ वाद्यवृंद चालविला होता, व घरांत पियानो होता. आई परिचारिका होती. ती १९५६ च्या ऑक्टोबरांत वारली तेव्हां मुलाचें वय चौदा वर्षांचें होतें. वडिलांनीं त्यास एक ट्रंपेट घेऊन दिलें होतें. परंतु तें ओठांस लावलें असतां गातां येत नाहीं, म्हणून त्यानें तें दुकानांत देऊन बदल्यांत गिटार आणली. गोष्ट क्षुल्लक खरी, पण वृत्ति दाखविणारी आहे. वाजविण्याहून गाण्याची, आणि नुसत्या गाण्याहूनहि कोणासमोर तरी गाण्याची हौस त्यास अधिक होती. ६ जुलै १९५७ रोजीं वूल्टन या उपनगरांतील चर्चच्या जत्रेंत त्याची व जॉन लेननची गांठ पडली, आणि पुढील इतिहासाचा आरंभ झाला.

त्या इतिहासांतील पहिली खरी शाळा जर्मनींतील हँबुर्ग बंदर ही होय. १९६० च्या ऑगस्टपासून पुढें दोन-अडीच वर्षें ही मंडळी अधूनमधून तेथें जात राहिली. खलाशांच्या वस्तींतील मद्यगृहें, धुरानें भरलेल्या खोल्या, आणि गाण्याकडे लक्ष देण्याचें कांहीं एक कारण नसलेलें गिऱ्हाईक. रोज रात्रीं कित्येक तास उभें राहून गावें लागे. रस्त्यानें जाणारा मनुष्य आंत यावा, आलेला उठूं नये, यासाठीं जें जें करावें लागे तें तें त्यांनीं तेथें केलें. ओरडणें, नाचणें, विनोद करणें, एकच गाणें ताणून पाव तास चालविणें, हें सर्व त्यांत आलें. मंडळींतील खर्जाची गिटार वाजविणारा गडी सोडून गेल्यावर तें काम मॅकार्टनीकडे आलें. तो डावखुरा, म्हणून दोन्ही बाजूंनीं सारखी दिसणारी, व्हायोलिनच्या आकाराची होफनर कंपनीची एक स्वस्त बेस गिटार त्यानें १९६१ सालीं हँबुर्ग येथें विकत घेतली. तिची हकीकत पुढें येणार आहे. श्रोत्याचें मन ओढून घ्यावें लागतें, तें आयतें मिळत नाहीं, हा धडा मॅकार्टनी तेथें शिकला. आणि असें दिसतें कीं, तो धडा चौघांपैकीं त्याच्याच अंगीं सर्वांत खोल मुरला.

१९६३ च्या उत्तरार्धापासून मात्र सर्व पालटलें. आतां श्रोत्यांस ओढण्याची गरजच उरली नाहीं. ते पोलिसांच्या रांगा मोडून येऊं लागले. ९ फेब्रुवारी १९६४ रोजीं अमेरिकेंतील दूरचित्रवाणीवर बीटल्स प्रथम प्रत्यक्ष गाइले, तेव्हां सुमारें सात कोटि तीस लक्ष लोकांनीं त्यांस पाहिलें असा अंदाज आहे. १५ ऑगस्ट १९६५ रोजीं न्यूयॉर्कमधील शे स्टेडियमवर पंचावन्न हजारांहून अधिक माणसें जमलीं. एका गायकमंडळीसाठीं एवढा समुदाय तोंपर्यंत क्वचितच कोणी पाहिला असेल. परंतु या समुदायानें ऐकलें काय? गाण्यासाठीं त्यांच्यापाशीं शंभर-शंभर वॅटचे ध्वनिवर्धक होते, आणि मैदानावरील कर्णे हे खेळाडूंचीं नांवें पुकारण्यासाठीं बसविलेले. गायकांस स्वतःचा आवाज ऐकूं यावा म्हणून त्यांच्याकडे तोंड करून कर्णे ठेवण्याची जी सोय पुढें सर्वत्र आली, ती तेव्हां नव्हती. ड्रम वाजविणारा रिंगो स्टार पुढील तिघांच्या अंगाच्या हालचाली पाहून ठेका धरीत असे; कारण गिटारी त्यास ऐकूंच येत नसत. पंचावन्न हजार कंठांतून निघालेल्या एका सलग किंकाळीखालीं गाणें बुडून जाई.

या किंकाळीची थट्टा त्या काळीं पुष्कळ झाली, आणि अजूनहि होते. ओरडणाऱ्यांत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींचा भरणा अधिक होता, म्हणून तर ती थट्टा अधिकच सोपी वाटली. परंतु विचार केला असतां असें दिसतें कीं, त्या मुली तेथें गाणें ऐकावयास आल्याच नव्हत्या. गाणें त्यांनीं घरीं तबकडीवर शंभर वेळां ऐकलेलें होतें, व त्यांस तें अक्षरशः पाठ होतें. त्या आल्या होत्या आपलेंहि कांहीं म्हणणें आहे हें जगास ऐकविण्यासाठीं. दोष कोणाचा, हा प्रश्न येथें निरर्थक आहे. एवढें मात्र खरें कीं, त्या कोलाहलांत वाजवून वाजवून ही मंडळी वादक म्हणून ढिलीं पडत चाललीं होतीं, आणि तें त्यांस कळत होतें.

१९६६ सालीं कळस झाला. ४ जुलै रोजीं फिलिपाईन्समधील मनिला शहरीं जलसे झाले; राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीच्या मेजवानीस मंडळी गेली नाहीं, म्हणून दुसऱ्या दिवशीं विमानतळावर त्यांस धक्काबुक्की सोसावी लागली. अमेरिकेंत लेननच्या एका उद्गारावरून धर्मनिष्ठ लोकांनीं तबकड्यांच्या होळ्या केल्या. मेंफिस येथें जलसा चालू असतां कोणी फटाका उडविला, तेव्हां गोळी कोणास लागली हें पाहण्यासाठीं चौघे एकमेकांकडे पाहूं लागले. इतकें होऊनहि मॅकार्टनी दौरे थांबविण्यास राजी नव्हता. २१ ऑगस्ट रोजीं सेंट लुई येथें भर पावसांत, विजेचा धक्का बसण्याच्या भीतींत, एका तकलादू छपराखालीं गावें लागलें. नंतर सामान वाहण्याच्या बंद मोटारींत आंत धरावयास कांहीं नसल्यानें चौघे इकडून तिकडे आपटत बाहेर पडले. तेथें त्याचाहि धीर सुटला. आठ दिवसांनीं कँडलस्टिक पार्क आलें.

दुसरें एक कारण याहून खोल होतें. त्याच महिन्यांत त्यांची 'रिव्हॉल्व्हर' ही तबकडी बाहेर आली होती. तीवर व्हायोलिनांचे ताफे होते, उलट्या फिरविलेल्या फिती होत्या, सतार होती. त्या तबकडीवरील एकहि गाणें त्या उन्हाळ्यांतील दौऱ्यांत गाइलें गेलें नाहीं. गाणें स्टुडिओंत पुढें निघून गेलें होतें, आणि रंगमंच मागें राहिला होता. पुढील तीन-चार वर्षांत बीटल्सनीं जें सर्वांत मोलाचें संगीत निर्माण केलें, तें जलशांत गाण्यासाठीं म्हणून नव्हतेंच. ३० जानेवारी १९६९ रोजीं लंडनमधील आपल्या कचेरीच्या गच्चीवर त्यांनीं बेचाळीस मिनिटें गाणें-वाजविणें केलें, तेवढाच काय तो अपवाद. त्या वर्षीं मॅकार्टनीनें सोबत्यांपुढें एक सूचना मांडली होती, ती अशी कीं, पुन्हां लहान लहान जागीं, जाहिरात न करतां, जाऊन गावें. लेननचें उत्तर आलें कीं, आपण मंडळी सोडीत आहों. १९७० च्या एप्रिलांत ती फुटल्याचें जगजाहीर झालें.

या काळांत चाहते कोठें होते? ते मॅकार्टनीच्या दारांत होते. लंडनमधील त्याच्या घराबाहेर व स्टुडिओच्या पायऱ्यांवर थंडीवाऱ्यांत रात्रभर बसणाऱ्या मुलींचा एक ठराविक जथाच असे. त्यांपैकीं कांहींजणी एकदां स्नानगृहाच्या खिडकीला शिडी लावून आंत शिरल्या. मालकानें त्यावर गाणेंच रचलें, व तें १९६९ च्या 'ॲबी रोड' या तबकडीवर आलें. पुढें अर्धशतकानंतरच्या दौऱ्यांतहि तो तें गाणें गात असे.

बीटल्सनंतरच्या मॅकार्टनीचें वागणें बाहेरून पाहणारास विचित्र वाटावें असें होतें. त्यानें 'विंग्ज' नांवाची नवी मंडळी उभी केली व तींत आपली पत्नी लिंडा हिला घेतलें. ती मूळची छायाचित्रकार. गाण्या-वाजविण्याचें शिक्षण तिला नव्हतें, आणि याबद्दल तिला जन्मभर टोमणे ऐकावे लागले. १९७२ च्या फेब्रुवारींत ही मंडळी मुलाबाळांसह व कुत्र्यांसह एका मोटारींत बसून निघाली. नॉटिंगहॅमच्या विद्यापीठांत पोंचून, तुमच्या सभागृहांत गातों, चालेल का, अशी विचारणा झाली, आणि ९ तारखेस तेथें पहिला जलसा झाला. दाराशीं जमलेलीं नाणीं रात्रीं वांटून घेण्यांत आलीं. ज्याच्यासाठीं सहा वर्षांपूर्वीं पोलिसांच्या पलटणी लागत, तो पुन्हां हँबुर्गच्या पायरीवर येऊन बसला होता. आणि या दौऱ्यांत बीटल्सचें एकहि गाणें गावयाचें नाहीं, असा त्यानें निर्बंध घातला होता.

हा हट्ट होता; परंतु तो समजण्यासारखा हट्ट होता. जुन्या गाण्यांच्या खांद्यावर बसून नवी मंडळी चालणार नाहीं, हें त्यास ठाऊक होतें. १९७३ अखेर निघालेल्या 'बँड ऑन द रन' या तबकडीनें नव्या मंडळीस स्वतःचें नांव मिळवून दिलें, तेव्हांच १९७५-७६ च्या मोठ्या दौऱ्यांत त्यानें हात जरा सैल सोडला. तोहि किती? तर बीटल्सचीं पांच गाणीं. 'यस्टर्डे' त्यांत होतें, 'ब्लॅकबर्ड' होतें, 'लेडी मॅडोना' होतें. या शेवटच्या गाण्याचा एक धागा मुंबईशीं जुळलेला आहे, तो जातां जातां सांगण्याजोगा आहे. १९६८ च्या मार्चमध्यें 'लेडी मॅडोना'ची तबकडी निघाली, तेव्हां तिच्या दुसऱ्या बाजूस जॉर्ज हॅरिसनचें जें गाणें होतें, त्याचें वाद्यसंगीत त्याच वर्षीच्या जानेवारींत मुंबईच्या हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीच्या स्टुडिओंत हिंदी वादकांनीं वाजविलेलें होतें. एका बाजूस लिव्हरपूलच्या पियानोचा ठेका, आणि दुसऱ्या बाजूस मुंबईंत वाजविलेलें हिंदी संगीत, अशी ती तबकडी जगभर फिरली.

१९८० च्या जानेवारींत जपानच्या विमानतळावर मॅकार्टनीच्या सामानांत गांजा सांपडला. नऊ दिवस कोठडींत काढून तो परत आला, दौरा बारगळला, व विंग्ज मंडळीहि लवकरच विसर्जित झाली. त्याच वर्षाच्या ८ डिसेंबरास न्यूयॉर्कमध्यें लेननचा खून झाला. त्यानंतर कित्येक वर्षें मॅकार्टनीनें दौरा म्हणून काढला नाहीं. कोणाहि चाहत्यानें जवळ येऊन हस्ताक्षर मागावें, आणि त्याच हातानें गोळी झाडावी, हें एकदां घडल्यावर श्रोत्यांच्या गर्दीकडे पूर्वीसारखें पाहणें शक्य नव्हतें.

१३ जुलै १९८५ रोजीं लंडनच्या वेंब्ली स्टेडियमवर इथिओपियांतील दुष्काळग्रस्तांसाठीं मोठा जलसा झाला. त्याच्या अखेरीस मॅकार्टनी एकटाच पियानोपाशीं बसून 'लेट इट बी' गाऊं लागला. मायक्रोफोन बंद पडलेला होता. सुमारें दोन मिनिटें, जगभर दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्या असंख्य लोकांसमक्ष, गायकाचे ओठ हलतांना दिसले व आवाज आला नाहीं. वेंब्लीवरील श्रोत्यांनीं तें गाणें उचललें. एकोणीस वर्षांपूर्वीं गाणें ऐकूं येत नव्हतें, कारण श्रोते ओरडत होते. येथें गाणें ऐकूं येत नव्हतें, म्हणून श्रोते गाऊं लागले. मॅकार्टनीच्या उत्तरायुष्यांतील जलशांचें सर्व स्वरूप या दोन मिनिटांत बीजरूपानें दिसतें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

१९८९ च्या सप्टेंबरांत त्याचा जो दौरा निघाला, त्यांत जुना निर्बंध संपला होता. कार्यक्रमाचा निम्म्याच्या आसपास भाग बीटल्सच्या गाण्यांचा. येथें एक गोष्ट पुष्कळदां विसरली जाते. 'हे ज्यूड', 'सार्जंट पेपर', 'ॲबी रोड'च्या अखेरीची गीतमालिका, यांपैकीं कांहींच बीटल्सनीं दौऱ्यांत कधीं गाइलेलें नव्हतें. तीं गाणीं रंगमंच सोडल्यावर जन्मलीं. आतां यंत्रें सुधारलीं होतीं, कर्णे सुधारले होते, व्हायोलिनांचे व पितळी वाद्यांचे आवाज एका वादकाच्या बोटांखालीं येत होते. तेव्हां जुनी पुंजी काढून तो तिच्यावर जगूं लागला, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. त्यानें त्या गाण्यांस दुसरा जन्म दिला, आणि तो जन्म पहिल्याहून लांब ठरला. २१ एप्रिल १९९० रोजीं ब्राझीलमधील मराकाना स्टेडियमवर तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांची संख्या १,८४,००० भरली.

१९९८ च्या एप्रिलांत लिंडा वारली. २००१ च्या नोव्हेंबरांत हॅरिसन गेला. २००२ च्या एप्रिलपासून मॅकार्टनीनें जें दौऱ्यांचें सत्र आरंभिलें, तें वीस वर्षांहून अधिक काळ चाललें, आणि त्यांत त्याच्या मागें उभे राहिलेले चार वादकहि तेच राहिले. बीटल्स व विंग्ज या दोन्ही मंडळ्यांहून हा सहवास दीर्घ झाला. मॉस्कोच्या ज्या लाल चौकांत बीटल्सना गाण्याची कल्पनाहि करतां आली नसती, तेथें तो २००३ च्या मे महिन्यांत गाइला. या काळांत जलशास हळूहळू स्मरणविधीचें रूप येत गेलें. लेननसाठीं रचलेलें 'हियर टुडे' हें गाणें तो एकटा उभा राहून गातो. हॅरिसननें दिलेलें युकुलेली हें चार तारांचें चिमुकलें वाद्य घेऊन तो हॅरिसनचेंच 'समथिंग' गाऊं लागतो, आणि मध्येंच सर्व वाद्यें त्यास येऊन मिळतात.

या जलशांविषयीं चाहत्यांत जो वाद चालतो, तो ऐकण्यासारखा असतो. कारण तो अज्ञ लोकांचा वाद नव्हे. वर्षानुवर्षें प्रत्येक दौऱ्यास जाणारे, कोणतें गाणें कोणत्या सालीं वगळलें हें तोंडपाठ सांगणारे हे लोक. त्यांची एक तक्रार अशी कीं, कार्यक्रम ठरीव झाला आहे. त्याच जागीं तेंच गाणें, त्याच जागीं तीच आठवण, 'लिव्ह अँड लेट डाय'च्या वेळीं तेच अग्निबाण. ज्याच्या पदरीं शेंकडों गाणीं आहेत, त्यानें रोज तींच तीस कां गावीं? यावर दुसरा पक्ष म्हणतो कीं, तिकिटास शेंकडों डॉलर मोजून, नातवंडांस बरोबर घेऊन, आयुष्यांत एकदांच येणाऱ्या मनुष्यास 'हे ज्यूड' नाकारण्याचा अधिकार कोणास आहे? मॅकार्टनीनें स्वतः या पेंचाची रंगमंचावरून थट्टा केली आहे. जुनें गाणें सुरू झालें कीं हजारों दूरध्वनींचे दिवे लागून आकाशगंगा दिसते, आणि नवें सुरू केलें कीं समोर काळोख पडतो, असें तो सांगतो, व पुन्हां नवें गाणें गातोच. विनोदाच्या आडून हें दुखणेंच बोलतें. आपलीं नवीं गाणीं कोणी वन्समोअर मागून ऐकावीं, ही इच्छा गायकास ऐंशीव्या वर्षींहि सुटत नाहीं.

दुसरा वाद आवाजाचा. हा अधिक नाजूक आहे, आणि त्यांत चाहते एकमेकांवर खरोखर रागावतात. मॅकार्टनीचा कंठ तरुणपणीं दोन प्रकारचा होता. एक लिटल रिचर्डच्या वळणाचा, तार सप्तकांत फाडून टाकणारा. दुसरा 'यस्टर्डे'चा, मऊ व सरळ. सत्तरीच्या सुमारास पहिला थकला, आणि नंतर दुसराहि. 'मेबी आय ॲम अमेझ्ड' हें १९७० सालचें गाणें, लिंडासाठीं रचलेलें, सर्वांत अवघड. तेथें आवाज तुटतो, हें कोणासहि ऐकूं येतें. पट्टी उतरवावी, अवघड गाणीं सोडावीं, किंवा आतां थांबावें, असें त्याच्यावर मनापासून प्रेम करणारेच म्हणतात. त्यानें मात्र बहुतेक गाणीं मूळ पट्टींतच ठेवलीं आहेत. आपल्याकडील वृद्ध गवयास हा पेंच इतका पडत नाहीं. तो पट्टी उतरवितो, तान सोडून आलापीवर भर देतो, आणि रागाचें कांहीं बिघडत नाहीं. रॉक संगीतांतील गाणें हें रागासारखें मोकळें नसतें; तें एका विशिष्ट दिवशीं एका तबकडीवर कायमचें गोठलेलें असतें. समोर बसलेल्या प्रत्येकाच्या कानांत १९६८ ची तबकडी वाजत असते. ऐंशी वर्षांच्या मॅकार्टनीचा प्रतिस्पर्धी कोणी नवा गायक नसून सव्वीस वर्षांचा मॅकार्टनी हाच असतो, आणि ती स्पर्धा रोज रात्रीं त्यानेंच हरावयाची असते.

तरीहि लोक येतात तें कां, याचें उत्तर 'ब्लॅकबर्ड'च्या वेळीं मिळतें. अलीकडील दौऱ्यांत या गाण्यास वादक सर्व आंत जात. मॅकार्टनी एकटा गिटार घेऊन एका उचलल्या जाणाऱ्या चौथऱ्यावर उभा राहून वर जाई. आवाज झांकावयास तेथें कांहींच नसे. कंप ऐकूं येई, श्वास ऐकूं येई, कधीं सूर किंचित् खालीं लागे. पन्नास-साठ हजारांचा समुदाय अशा वेळीं किती शांत राहतो, हें ज्यांनीं शे स्टेडियमवरील चित्रपट पाहिला आहे, त्यांस खरें वाटणार नाहीं. आणि थोड्या वेळानें 'हे ज्यूड'चा अखेरचा भाग येतो. प्रथम पुरुषांनीं, मग स्त्रियांनीं, मग सर्वांनीं, असें तो वांटून देतो, आणि स्वतः बहुतेक गप्प राहतो. थकलेल्या कंठास तेवढी विश्रांति मिळते, असा हिशेब कोणी केला तर तो चूक नाहीं. पण तेवढाच तो नाहीं.

२५ जून २०२२ रोजीं इंग्लंडांतील ग्लॅस्टनबरीच्या उत्सवांत तो प्रमुख गायक म्हणून उभा राहिला. ऐंशीवा वाढदिवस होऊन आठवडा झाला होता. तेथें 'आय हॅव गॉट अ फीलिंग' या गाण्यांत पडद्यावर १९६९ च्या गच्चीवरील लेनन दिसूं लागला. पीटर जॅक्सन या चित्रपट-दिग्दर्शकाच्या मंडळीनें जुन्या फितींतून लेननचा आवाज वाद्यांपासून वेगळा काढला होता. त्यास मॅकार्टनी समोरासमोर साथ करीत होता. एक अठ्ठावीस वर्षांचा, एक ऐंशींचा, आणि दोघे एकाच गाण्यांत. मृताच्या आवाजाचा असा उपयोग करावा काय, हा प्रश्न विचारतां येतो, व विचारणारे चुकतात असें नाहीं. परंतु मॅकार्टनी त्या वेळीं श्रोत्यांकडे पाठ करून पडद्याकडे तोंड करून उभा होता, हेंहि पाहणाऱ्यांच्या लक्षांत राहिलें.

कँडलस्टिक पार्कचें पुढें काय झालें तेंहि सांगितलें पाहिजे. तें मैदान पाडावयाचें ठरलें, तेव्हां तेथील शेवटचा जलसा मॅकार्टनीचाच ठेवण्यांत आला. १४ ऑगस्ट २०१४ रोजीं, अठ्ठेचाळीस वर्षांनीं, तो तेथें परत गेला, आणि त्या रात्रीं त्यानें 'लाँग टॉल सॅली' गाइलें. या खेपेस तें फितींत पुरें मावलें.

आतां त्या होफनर गिटारीविषयीं. १९७२ च्या ऑक्टोबरांत लंडनमध्यें एका मोटारींतून ती चोरीस गेली होती, व पन्नास वर्षें तिचा पत्ता नव्हता. होफनर वाद्यांचा एक जाणकार व दोन पत्रकार यांनीं शोध घेऊन २०२३ सालीं लोकांस जाहीर विनंति केली. जगभरच्या चाहत्यांकडून पत्रांचा पाऊस पडला, त्यांतून माग लागत गेला, आणि इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याकडील एका घराच्या माळ्यावर ती निघाली. १९ डिसेंबर २०२४ रोजीं लंडनमध्यें त्या वर्षीच्या दौऱ्याचा अखेरचा जलसा झाला. चौऱ्याऐंशी वर्षांचा रिंगो स्टार येऊन ड्रमवर बसून गेला. आणि ब्याऐंशी वर्षांच्या मॅकार्टनीनें ती गिटार गळ्यांत घालून, कोणती आहे हें श्रोत्यांस सांगून, वाजविली.